धक्का चालणार नाही

बंद पडलेल्या गाडीची किंमत ती कुठं बंद पडते यावर ठरते. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला बंद पडली, तर मागची रांग हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवते. खाली उतरून 'काय झालं?' असं कुणी विचारत नाही. हायवेला चेलाडी फाट्यावर बंद पडली, तर टपरीवाला मेकॅनिकचा नंबर देतो, आणि तो मेकॅनिक त्याचाच मेव्हणा निघतो. पण तीच गाडी वेल्ह्याच्या पुढे जाऊन पासलीत बंद पडली, की ती मालकाची राहत नाही. ती गावाची होते. तिच्यावर चर्चा होते, बाजू पडतात, जुनी उदाहरणं निघतात, आणि या सभेत सगळ्यात कमी माहिती मालकालाच आहे यावर एकमत झालं की मग कामाला सुरुवात होते.

गाड्यांच्या बाबतीत पासलीला कुणी आडगाव समजू नये. नसरापूरवरून वेल्हे, वेल्ह्यावरून पासली, पुढे केळद आणि मग मढे घाट. घाट पायी उतरलं की खाली कोकण. तालुक्याचं नाव वेल्हे बदलून राजगड करायला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, पण रस्ता सांगणारे अजून वेल्हंच सांगतात आणि चुकणारेही वेल्ह्यातच चुकतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मढे घाटातला लक्ष्मी धबधबा बघायला पुण्याच्या गाड्यांची रांग या रस्त्यानं जाते. त्यामुळे पासलीकरांनी गाड्यांचे हरतऱ्हेचे रोग बघितलेले आहेत. चढावर क्लच प्लेट जाळून घेतलेल्या, साइडपट्टीच्या चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या, चावी आत आणि माणसं बाहेर अशा अवस्थेत सापडलेल्या, अशा कितीतरी गाड्या या रस्त्यानं आल्या आणि गावाच्या हातून बऱ्या होऊन परत गेल्या. इतका अनुभव असलेल्या गावाला नवा रोग दाखवणं सोपं नाही. ते आमच्या साडूंनी करून दाखवलं.

साडूंकडे जुनी हायब्रिड गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. एकतर दोष गाडीचा नव्हता, आणि दुसरं म्हणजे साडू हे वाचणार आहेत. गाडी त्यांनी वापरलेली घेतली, म्हणजे आधी दोघांनी वापरून त्यांना दिली. 'मायलेज बघा' हे त्यांचं त्या गाडीविषयीचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. ती दिसायला साधी, चालायला शांत आणि समजायला अवघड आहे. तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे, विजेच्या मोटरी आहेत, मागच्या सीटच्या पाठीमागं मोठी बॅटरी आहे. आणि यातलं कोण कधी काम करतं हे ती तिचं ती ठरवते. साडूंनी त्यात लक्ष घालावं अशी तिचीही अपेक्षा नाही आणि साडूंचीही नाही.

असल्या गाड्या आपल्याकडे फार नाहीत, याला कारणं आहेत. फर्डिनांड पोर्श या गृहस्थांनी १९०० साली इंजिन आणि विजेची मोटर एकत्र नांदवणारी गाडी बनवली होती, आणि तिला नाव दिलं होतं 'सेम्पर विवुस', म्हणजे सदा जिवंत. गाडीला असलं नाव ठेवू नये, दृष्ट लागते. कल्पना पुढं जवळजवळ शंभर वर्षं झोपली. १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाची प्रियस जपानच्या बाजारात आली. आपल्याकडे पहिली आली ती होंडाची सिव्हिक हायब्रिड, २००८ मध्ये, साडेएकवीस लाखांना. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत जवळजवळ आठ लाखांनी उतरवली. आठ लाखांत त्या काळी दुसरी अख्खी गाडी येत होती, त्यामुळे एवढी सूट बघून मराठी माणसाला आनंद होण्याऐवजी संशय आला. २०१० मध्ये प्रियस आली, २०१३ पासून कॅमरी हायब्रिड कर्नाटकात बिडदीला जोडली जाऊ लागली. मग २०१७ ला जीएसटी आला आणि या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के सेस बसला. त्रेचाळीस टक्के! २०१० मध्येच पुण्याच्या केपीआयटीनं भारत फोर्जच्या साथीनं 'रेव्होलो' नावाचा संच दाखवला होता, जो आपल्या नेहमीच्या गाडीला बसवून तिलाच हायब्रिड करायचा. तो घरोघरी पोचला असता, तर त्या दिवशी पासलीत निम्मं भाषण वाचलं असतं. ते झालं नाही. तेव्हा साडूंची गाडी पासलीत उभी राहिली ती पूर्णपणे अनोळखी पाहुणी म्हणून.

झालं असं. मढे घाट बघून परत येताना पासलीत एका घरी जेवायला थांबलो. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि वर इंद्रायणीचा भात. बाहेर पाऊस असा, की समोर तोरणा आहे हे केवळ विश्वासावर मानायचं. साडूंनी पेट्रोल वाचावं म्हणून गाडी बंद केली, धुकं म्हणून चारी इंडिकेटर चालू ठेवले, आणि मागं बसलेल्या पोरांसाठी गाणी चालू ठेवली. जेवण सावकाश झालं, कारण वाढणाऱ्या बाईंना 'पुरे' हा शब्द ऐकू येत नव्हता. पुन्हा येऊन साडूंनी बटण दाबलं. डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे दिवे एकदम लागले, मिणमिणले, आतून टक-टक-टक असा टाइपरायटरसारखा आवाज आला, आणि सगळं विझलं. गाणीसुद्धा.

साडूंनी परत बटण दाबलं. मग जोरात दाबलं. बटण जोरात दाबल्यानं गाडीला आपली तळमळ कळते असा एक समज आहे.

पहिला माणूस खांद्यावर फावडं टाकून रस्त्यानं चालला होता. तो थांबला, ऐकलं आणि निकाल दिला, "सेल्फ गेला."

"हिला सेल्फ नसतो," साडू म्हणाले.

त्या माणसानं फावडं खाली टेकवलं. साडूंचं म्हणणं खरं होतं. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत वेगळा स्टार्टर नसतो. मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटरच इंजिन फिरवते. डायनामोही नसतो. पण पावसात उभ्या असलेल्या माणसाला हे 'गाडीत सेल्फ बसवायचा राहिला' असंच ऐकू येतं. "डायनामो तरी हाय का?" त्यानं विचारलं. "तोही नाही." यावर त्यानं साडूंकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आपल्याकडं मुलीचे वडील बिनपगारी जावयाकडं बघतात.

दुसरे आले ते एसटीतून निवृत्त झालेले चालक. डोक्यावर मेणकापड, हातात छत्री, आणि छत्री मेणकापडावर. उभ्या आयुष्यात घाटातून गाडी नेलेल्या माणसाचा एक रुबाब असतो. ते बॉनेट उघडायला लावून आत बघत राहिले. आत बघायला फारसं काही नसतं हो; वर प्लास्टिकचं झाकण, झाकणाखाली दुसरं झाकण, आणि मधून जाड नारिंगी वायरी. "त्या नारिंगी वायरींना हात लावू नका," साडू घाईघाईनं म्हणाले, "दोनशे व्होल्ट आहेत." एवढ्या वर्षांच्या नोकरीत गाडीला हात लावू नका असं त्यांना साहेबांनीही सांगितलं नसणार. ते दोन पावलं मागं सरकले आणि तिथून म्हणाले, "डिझेलला हवा धरली."

"पेट्रोलची आहे."

"मग प्लगला पाणी गेलं."

इथं एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. निदान करणारा माणूस समोरच्या गाडीचं निदान करतच नाही. त्याची स्वतःची गाडी ज्या रोगानं आयुष्यात एकदा बंद पडली असेल, तो रोग तो समोरच्या गाडीला लावतो. दुधाच्या टेम्पोवाल्याला फ्यूज आठवला, कारण त्याचा फ्यूज गेला होता. बोकड घेऊन चाललेल्या एका आजोबांना साखळी आठवली, कारण त्यांची सायकल होती. घरातल्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, "दृष्ट लागली आसंल, लय चकचकीत हाय." सगळ्यांत तर्कशुद्ध निदान आजींचं होतं, निदान त्यात गाडीच्या भागांविषयी कुठलाही चुकीचा दावा नव्हता.

मग टेम्पोवाल्यानं तो शब्द उच्चारला ज्याची सगळे वाट बघत होते.

"ढकला."

महाराष्ट्रात गाडीला धक्का मारणं हा दुरुस्तीचा प्रकार नाही, तो शिष्टाचार आहे. कुणाची गाडी बंद पडली आणि आपण धक्का न मारता पुढं गेलो, तर रात्री झोप लागत नाही. शहरात वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारी एकमेकांच्या स्कूटरला धक्का मारताना बघितलेत मी. धक्क्यात एक क्रम असतो. एक जण 'दुसरा गिअर!' ओरडतो, एक जण 'क्लच सोडू नका, सोडू नका' आणि लगेच 'सोडा!' ओरडतो, गाडी गचके खाते, काळा धूर निघतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि मालक हात दाखवत न थांबता निघून जातो, कारण थांबला तर परत बंद पडेल. सगळं कसं रीतसर. पासलीच्या पोरांनी लगेच पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या.

"धक्का चालणार नाही," साडू म्हणाले.

शांतता पसरली. जेवणाला बोलावून ताट उलटं करावं तशी. साडूंनी कारणं सांगितली, आणि ती खरी होती. या गाडीला क्लच नाही. इंजिन, दोन मोटरी आणि चाकं एका गिअरच्या संचात कायमची गुंतलेली, तेव्हा 'सोडा!' ओरडलं तरी सोडायला काही नाही. दुसरं, ती पार्किंगमध्ये लॉक झालेली, आणि लॉक विजेवर निघतो, म्हणजे ती ढकलली जाणारच नाही. तिसरं, कशीबशी ढकलली किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली, तर पुढच्या चाकांबरोबर मोटर फिरते आणि फिरणारी मोटर वीज तयार करते, जी जिथं जायला नको तिथं जाते. म्हणून अशी गाडी न्यायची तर ट्रकवर चढवून, नाहीतर पुढची चाकं उचलून. पोरांनी पँटी परत खाली सोडल्या. त्यांच्यातला एक मात्र हटेना. "माझ्या मामाच्या गाडीवर पण हायब्रिड लिहिलंय. ती धक्क्यानं हुती सुरू."

तोही खरं बोलत होता. २०१५ पासून मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगावर हायब्रिडचं चिन्ह आलं, पण त्यांतली मोटर इंजिनाला फक्त हात लावते. ती गाडी मुळात क्लच आणि गिअरवालीच. साडू हे समजावून सांगायला गेले, तेव्हा सभेचा निष्कर्ष एवढाच निघाला, की मामाची खरी हायब्रिड आणि साडूंची डुप्लिकेट.

एव्हाना तोरण्यावरून उतरलेला ट्रेकर पोरांचा एक गट येऊन मिळाला होता. पासलीत मोबाइलची रेंज एखाद्या वळणावर येते आणि दुसऱ्या वळणावर जाते. दोघं जण रेंज शोधत चढावर गेले आणि भिजून परत आले ते जागतिक ज्ञान घेऊन. "पी०ए८०," ते म्हणाले. हा कोड गाडीच्या संगणकात नोंदला गेला की त्याचा अर्थ, मोठी बॅटरी खराब झाली, बदला. कोड वाचायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं, गाडी जागी नव्हती, संगणकानं काही म्हटलेलं नव्हतं. पण हायब्रिड गाडीचा सगळ्यात मोठा रोग हाच असतो म्हटल्यावर साडूंना तोच झाला असणार. "किती लागतील?" कुणीतरी विचारलं. लाखाच्या घरातला आकडा बाहेर पडला. गर्दीतून 'अरेरे' निघालं, पण त्या अरेरेत समाधान होतं. आपल्या गावात लाखाचं दुखणं आलंय म्हटल्यावर लोक जरा जवळ सरकले. छत्र्या वाढल्या. साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आपलं सगळं निदानशास्त्र इथंच फसतं. चारशे रुपयांची गोष्ट आधी तपासायला माणसाला लाज वाटते. पोटात दुखलं की आधी सोनोग्राफी, मग काल किती भजी खाल्ली ते. गाडी बंद पडली की आधी इंजिन, संगणक, मोठी बॅटरी, आणि सगळं फसल्यावर कुणीतरी विचारतं, "पेट्रोल आहे का?" जाता जाता सांगतो, हायब्रिडमध्ये हा प्रश्नही निरर्थक नाही. पेट्रोल संपलं तरी ती थोडं अंतर बॅटरीवर चालते आणि मालकाला सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर बघणारा वायरमन सगळ्यात शेवटी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मोटर सुरू करायला निघाला होता, वाटेत गर्दी दिसली. त्यानं काही निदान केलं नाही. त्यानं विचारलं. "दिवे लागत्यात का?" लागतात, मंद. "हॉर्न?" साडूंनी हॉर्न दाबला. कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज आला. "मागं आवाज कसला आला हुता?" टक-टक-टक.

"बॅटरी कुठाय?"

"कुठली? दोन आहेत."

"बारकी."

बारकी बॅटरी! तिच्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण जुन्या हायब्रिड गाडीचं सगळं नशीब तिच्या हातात असतं. मोठी बॅटरी मागच्या सीटपाशी. प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत तिचे २८ भाग, प्रत्येकात सहा सेल, सेल १.२ व्होल्टचा, एकूण १६८ सेल, २०१.६ व्होल्ट. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी ही सगळी वीज आतल्या आत तोडून ठेवतात. ती जोडायला रिले लागतात, रिले ओढायला संगणक लागतो, आणि संगणक व रिले दोन्ही चालतात साध्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ही छोटी बॅटरी इंजिन फिरवत नाही, म्हणून ती आकारानं लहान ठेवतात. आणि तिला जोरात काम कधी करावं लागत नाही, म्हणून ती मरत आली तरी मालकाला कळत नाही. साध्या गाडीत बॅटरी उतरू लागली की सेल्फ आठवडाभर कण्हतो आणि सूचना देतो. इथं कण्हायला सेल्फच नाही. काल सुरू झाली, आज नाही. त्यातून गाडी महिनोन्महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असली, तर घड्याळ, अलार्म आणि चावीची वाट बघत जागा राहणारा तो रिसिव्हर तिला थेंब थेंब पीत राहतात. साडूंची तशीच उभी होती. वर इंडिकेटर आणि गाणी.

साडूंनी मोठ्या बॅटरीची थोरवी सांगायला सुरुवात केली. दोनशे व्होल्ट ऐकून वायरमनवर काही परिणाम झाला नाही. "आमच्याकडं चारशे चाळीस येतो," तो म्हणाला, "येतो तवा." रिलेचं मात्र त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"म्हंजे पंपाच्या पेटीवानी. तिन्ही फेज आलेत, पण कॉइल उचलंना."

हायब्रिड गाडीवर मी इंग्रजीत बरंच वाचलंय, पण इतकं नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार्टर पेटीत हिरवं बटण दाबलं की आधी एक छोटी कॉइल कॉन्टॅक्टरला ओढते, आणि मग तीन फेजची वीज मोटरला मिळते. कॉइलला वीज नसेल तर बाकी सगळी लाइन असूनही पंप ढिम्म. आणि कॉइलला अपुरी वीज मिळाली, तर कॉन्टॅक्टर उचलतो-सोडतो, उचलतो-सोडतो; टक-टक-टक. गर्दीतल्या प्रत्येकानं आयुष्यात कधी ना कधी ती पेटी बघून शिव्या घातलेल्या. एका वाक्यात सगळ्या गावाला हायब्रिड समजली. एसटीचे चालक म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." ते म्हणत नव्हते, पण अशा वेळी आक्षेप घ्यायचा नसतो.

"कुठाय ती?" वायरमननं विचारलं.

"डिकीत."

"उघडा."

साडूंनी डिकीचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग सगळ्यांना एकदमच कळलं. डिकी विजेवर उघडते. वीज बॅटरीत. बॅटरी डिकीत. या रचनेचा आनंद पासलीनं मनमुराद लुटला. हसून हसून बोकडवाल्या आजोबांना खोकल्याची उबळ आली. मग साडूंना विचारण्यात आलं, की जोडायच्या केबली तरी आहेत का. आहेत ना, साडू अभिमानानं म्हणाले, चांगल्या जाड आहेत. कुठं आहेत? याचं उत्तर साडूंना द्यावं लागलं नाही.

एका सडपातळ पोराला मागच्या सीटवरून डिकीत उतरवण्याची तयारी चालली होती. सीट पाडायची, आत सरकायचं, अंधारात आतला खटका शोधायचा. एवढ्यात ज्या घरी जेवलो त्या घरची दहावीतली मुलगी गाडीच्या पुढच्या खणातलं पुस्तक काढून ओट्यावर बसून वाचत होती, ती म्हणाली, "काका, डिकी उघडायची गरज नाही." एवढ्या लोकांत त्या पुस्तकाला हात लावणारी ती एकटी. साडूंनी तर ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेलं नव्हतं. पुस्तकात चित्र होतं. बॉनेटखाली फ्यूजच्या डबीत लाल टोपणाखाली एक टोक दिलेलं असतं. डिकीतल्या बॅटरीचा धन वायरीवाटे तिथवर आणून ठेवलेला. बॉनेट दोरीच्या खटक्यानं उघडतो, त्याला वीज लागत नाही. आणि बॉनेट तर मघापासून उघडाच होता.

वायरमननं खिशातला मीटर काढला. एक टोक लाल टोपणाखाली, एक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. ८.७. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. त्यानं मीटर फिरवून सगळ्यांना दाखवला. लाखाच्या दुखण्याची बातमी तिथंच संपली. काही जण थोडे हिरमुसले.

चिखलणीला गेलेला ट्रॅक्टर बांधावरून आणला. त्याची बॅटरीही बाराचीच. केबली डिकीत, म्हणून पंपाची तांब्याची वायर सोलून घेतली. साध्या गाडीला ही वायर पुरली नसती, तापून लाल झाली असती; पण इथं इंजिन फिरवायचं नाही, फक्त कॉइल उचलायची, तिला थोडा करंट पुरतो. धन कुठला, ऋण कुठला, हे वायरमननं मीटर लावून दोनदा बघितलं. इथं उलटं लागलं तर मोठा फ्यूज उडतो, आणि कधी कधी त्याच्यापलीकडचं बरंच काही. धनाला धन, आणि ऋण गाडीच्या उघड्या लोखंडाला. थोडा वेळ ट्रॅक्टर तसाच चालू ठेवला. मग, "दाबा."

साडूंनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. एक ठसठशीत 'खट्'. डॅशबोर्ड उजळला, आणि 'रेडी' असा हिरवा दिवा लागला. मीटरवर १४.१. साडू ओरडले, "झाली!"

"काय झाली?"

"सुरू झाली."

"आवाज कुठाय?"

आवाज नव्हता. पाऊस आणि ट्रॅक्टर सोडला तर कसलाच आवाज नव्हता. बॅटरीत जीव असेल तर या गाडीचं इंजिन चालू व्हायची गरजच नसते. हिरवा दिवा लागला की ती तयार. पण जिला धूर नाही, थरथर नाही, घरघर नाही, तिला जिवंत कसं म्हणायचं? लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. टेम्पोवाला म्हणाला, "आता ऐका माझं, ढकलूच." एवढ्यात इंजिन आपणहून भुर्र करून चालू झालं. टाळ्या पडल्या. एसटीच्या चालकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान देऊन ऐकलं, "आता कसं!" ते म्हणाले. साडू गाडी वळवायला लागले, तोवर मोठ्या बॅटरीचं पोट भरलं आणि इंजिन आपणहून बंद झालं. "परत बंद पडली!" पोरांनी पुन्हा पँटी दुमडल्या, आणि ते मागून धावत येत असतानाच ती बंद पडलेली गाडी त्यांच्याकडे उलटी, निमूटपणे, आवाज न करता येऊ लागली. दोन कोंबड्या आणि एक ट्रेकर थोडक्यात वाचले.

साडूंनी पैसे काढले, ते कुणी घेतले नाहीत. वायरमनला पंप सुरू करायला आधीच उशीर झाला होता. मुलीनं पुस्तक परत देताना साडूंना विचारलं, "काका, तुम्ही हे वाचलं नाही?" साडू म्हणाले, "इंग्रजी आहे ना." साडू बँकेत अधिकारी होते.

पुढचं थोडक्यात. पुण्यात छोटी बॅटरी बदलली, काम संपलं. पण त्या निमित्तानं गाडी उघडल्यावर दोन गोष्टी निघाल्या. मोठ्या बॅटरीला गार ठेवणारा पंखा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून हवा ओढतो. त्या जाळीत पोरांचे चिवडे, धूळ आणि लोकरीचा एक मोजा अडकला होता. ही जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि मग खरोखरच पी०ए८० च्या वाटेला लागते. दुसरं म्हणजे उंदीर. गावाकडं गाडी रात्रभर उभी केली की उबेला उंदीर बॉनेटखाली येतो, आणि नारिंगी रंग धोक्याचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. साडूंच्या गाडीत त्यानं नारिंगी सोडून काळी कुरतडली होती. नशीब साडूंचं आणि उंदराचंही. अशीच एका ओळखीच्यांची हायब्रिड गाडी गॅरेजमधून आल्यावर सुरूच होईना, तेव्हा कळलं की मोठ्या बॅटरीचा सुरक्षा-प्लग परत बसवताना त्याचा खटका शेवटपर्यंत खाली सरकवला नव्हता. प्लग आत, दांडी वर, पण शेवटचा 'कट्' बाकी. तेवढ्यावर सगळी गाडी अडून बसते.

तेव्हा पावसाळ्यात मढे घाटाला जुनी हायब्रिड घेऊन निघणाऱ्यांना एवढंच सांगणं. निघायच्या आधी छोट्या बॅटरीवर मीटर लावून बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बारा-साडेबारा व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदलूनच निघा, आणि चार-पाच वर्षं झालेली असेल तर विचारूही नका. जेवायला थांबाल तेव्हा गाणी ऐकायची असतील तर हिरवा 'रेडी' दिवा लावून ऐका. पेट्रोल थोडं जाईल, पण छोटी बॅटरी भरत राहील. बॉनेटखालचं लाल टोपण कुठं आहे ते घरीच शोधून ठेवा. चावीच्या पोटात एक लोखंडी चावी लपवलेली असते, तिनं दार उघडतं. आणि जोडायच्या केबली पुढच्या सीटखाली ठेवा, डिकीत ठेवू नका.